त्यागाचे पोवाडे आता पुरे

गेल्या वैशाखात माझा सत्कार झाला. चौतीस वर्षे एका मुलींच्या वसतिगृहात काढल्याबद्दल शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, आणि काचेच्या चौकटीत बसवलेले एक मानपत्र मिळाले. श्रीफळाच्या वड्या केल्या, शाल पेटीत गेली, मानपत्राला भिंतीवर खिळा ठोकून झाला. अध्यक्षांचे भाषण मात्र कुठे ठेवावे ते समजेना. सहा महिने ते माझ्या डोक्यात नुसते गुणगुणते आहे. दिवाळी अंकाच्या पानांतून आणखी एक तक्रार वाचकांच्या फराळात कालवावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. पण चिवड्यात मिरचीचा तुकडा लागतोच. तेवढे मानून घ्यावे.

अध्यक्ष मोठे भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाईंचे यजमान १९९७ सालच्या श्रावणात गेले. घरात नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी. पण पाचव्या दिवशी सकाळी बाई वसतिगृहाच्या दारात हजर! स्वतःचे दुःख गिळून चाळीस मुलींच्या तोंडात घास घालणारी ही माउली! याला म्हणतात सेवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी खाली बघत होते, आणि सर्वांना वाटले की बाई विनयाने खाली बघत आहेत.

खरी हकिकत अशी आहे. पाचव्या दिवशी सकाळी वसतिगृहाचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. कोठीची किल्ली माझ्या कमरेला होती. पीठ संपले होते, तांदूळ कोठीत होते, आणि दुसरी किल्ली संस्थेने कधी करून घेतलीच नव्हती. स्वयंपाकीणबाई नागपंचमीला गावी गेल्या होत्या त्या परतल्या नव्हत्या. शिपायाला मी किल्ली दिली असती तर काम भागले असते. पण कोठीच्या वहीवर सही माझीच लागे, आणि सही कमरेला बांधून पाठवता येत नाही. शिवाय माझे जे काही मानधन होते ते हजेरीच्या दिवसांवर मिळे, आणि ज्या घरातला एस.टी.तला पगार पाच दिवसांपूर्वी थांबला होता त्या घराला ते दिवस मोजावे लागत होते. सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्या नुसत्या एवढेच म्हणाल्या, "दहावा तरी होऊ दे गं." मी ऐकले नाही. पायांत चपला घातल्या आणि गेले. यात सेवा कुठे आली? यात एक किल्ली आली, एक वही आली, आणि हातातोंडाशी पडलेली गाठ आली. पण पोवाड्यात किल्लीला जागा नसते.

आणि त्याच महिन्यात घडलेली दुसरी एक गोष्ट अध्यक्षांना ठाऊक नाही, कारण ती कोणत्याही अहवालात आलेली नाही. वसतिगृहात एक मुलगी होती, धनगरवाड्यावरची, अकरा वर्षांची. तिने न्हाणीघरातला एक तांब्या विहिरीत पाडला. मी तिच्या थोबाडीत मारली. नुसती मारली नाही, अशी मारली की ती भिंतीवर आदळली आणि ओठ फुटला. चौतीस वर्षांत मी मुलींवर हात उचलला तो तेवढा एकदा. तांब्याची किंमत काय होती? त्या मुलीचा अपराध एवढाच की जे रडणे माझ्या घशात तीन आठवडे अडकले होते ते तिच्या वाट्याला आले. ती रडली, आणि मला आठवते, तिचे रडणे ऐकून मला बरे वाटले. हे लिहिताना आजही हात थांबतो. 'दुःख गिळून' सेवा करणारी माउली ती ही अशी. गिळलेले दुःख पोटात राहत नाही, अध्यक्ष महाशय. ते बाहेर येते, आणि सर्वांत दुबळे माणूस जे समोर असेल त्याच्यावर येते. संस्थेत सर्वांत दुबळे माणूस कोण असते ते सांगायला नको.

माझा मुलगा सत्काराला आला होता. आता तो चांगला चाळिशीला टेकला आहे. घरी परत येताना रिक्षात तो हसत हसत म्हणाला, "आई, पाचवीपासून आठवीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर तुझी सही मीच करत होतो. तुला तरी कुठे वेळ होता! पण तुझा 'र' मला कधी जमला नाही. बाईंच्या लक्षात कसे आले नाही कोण जाणे." तो हसला म्हणून मीही हसले. घरी आल्यावर त्याची ती जुनी पुस्तके काढून पाहिली. सोळा सह्या. 'र' खरोखरच चुकलेला आहे. चाळीस मुलींची प्रगतिपुस्तके मी दर तिमाहीला एकेक ओळ वाचून सह्या करून पाठवत असे, ही गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि सह्या करताना त्याने ती मला आठवून दिली नाही. मानपत्रावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतली एकही मला या सोळांइतकी महत्त्वाची वाटत नाही.

एवढे वाचून एक पक्ष खुशीत आला असेल. तो म्हणेल, "पाहा! आम्ही तेच म्हणत होतो. बाईने घर सोडून लोकांच्या लष्करच्या भाकऱ्या भाजू नयेत." त्या पक्षाशी माझे भांडण जुने आहे आणि ते या लेखाने मिटणार नाही. माझी मुलगी लहानपणी वसतिगृहाच्या ओसरीवर वाढली, तिला चाळीस मोठ्या बहिणी मिळाल्या, आणि त्या १९९७ सालची दिवाळी, जी आमच्या घरी तळणीची कढई न चढता गेली, ती तिच्या आठवणीतली सर्वांत सुंदर दिवाळी आहे. ज्या चार मुलींना जायला घर नव्हते त्यांच्याबरोबर आम्ही तिघे तिथेच राहिलो होतो. शेजारपाजारच्या सात घरांतून फराळाची ताटे आली. सात घरांचा सात चवींचा चिवडा एका पातेल्यात ओतून मुलींनी त्याची 'भेळ' केली होती. माझ्या कामाने माझ्या मुलांचे नुकसानच केले असे जो म्हणेल त्याने आधी माझ्या मुलीशी बोलावे. आणि चूल सांभाळत घरी बसलेली आई काही सगळ्याच प्रगतिपुस्तकांवर वाचून सही करते असेही नाही.

माझे म्हणणे निराळे आहे. कामाने घर मोडत नाही. एकाच माणसाच्या कमरेला सगळ्या किल्ल्या बांधल्याने मोडते, आणि वर त्या बांधण्याला 'त्याग' असे नाव देऊन टाळ्या वाजवल्याने ते मोडणे दिसेनासे होते.

आपल्या पूर्वजांना आपण पुष्कळ शिव्या घालतो, आणि त्यांतल्या पुष्कळ रास्त आहेत. सोवळ्याओवळ्याचा तो सगळा बाजार मला कधी आवडला नाही. त्याच्या पोटात जातीची कीड होती. पण सोयर आणि सुतक या दोन शब्दांकडे जरा मळ पुसून पाहावे. घरात मूल जन्मले की दहा दिवस, घरात माणूस गेले की दहा दिवस. या दहा दिवसांत त्या घराकडून कोणी काही अपेक्षा करायची नाही. बाहेरचे कामकाज बंद, मंगलकार्य बंद, इतकेच काय, देवपूजासुद्धा बंद. प्रत्यक्ष देवाला सांगून ठेवले होते, 'बाबा, या घरी दहा दिवस हजेरी मांडू नकोस.' चूल पेटवू नये म्हणून शेजारचे पिठले-भात आणून देत. पहिल्या वर्षी सण करू नये, पण मुलांच्या तोंडी गोड पडावे म्हणून आप्तांनी फराळ पाठवावा. यातले धर्मशास्त्र बाजूला ठेवा. उरते ती भरपगारी रजा, बदली स्वयंपाकी आणि मुलांची सोय. आम्ही सुधारलो, आम्ही सुतक पाळणे सोडले. फार चांगले झाले. पण विटाळ टाकताना विसावाही टाकला, आणि त्याच्या जागी काय ठेवले? काही नाही. आता 'सोयरसुतक' हा शब्द आपल्या बोलण्यात उरला आहे तो एवढ्यासाठीच, की अमक्याला कशाचे सोयरसुतक नाही असे म्हणता यावे. आमच्या सेवासंस्थांचे वर्णन करायला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

सोयराची थोडी तरी भरपाई कायद्याने केली. २०१७ साली प्रसूतीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली; ५० किंवा अधिक कामकरी असलेल्या ठिकाणी पाळणाघर ठेवणे आले. आता आमच्यासारख्या संस्थेत आठ माणसे, त्यांतली तीन मानधनावर, दोन 'स्वेच्छेने'. तिथे पाळणाघर कुठले यायला? तरी पण निदान तत्त्व तरी कागदावर आले. माणूस जन्माला आले तर २६ आठवडे. माणूस गेले तर किती, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

मला ठाऊक आहे, इथे कोणीतरी लोकमान्यांचे नाव काढणार. १९०३ साली प्लेगमध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ गेला, आणि त्या वेळी अग्रलेख पुरा करूनच ते उठले, अशी गोष्ट पिढ्यान् पिढ्या शाळेत सांगतात. मीसुद्धा वसतिगृहातल्या मुलींना ती अनेकदा सांगितली आहे, आणि त्याचे मला आता वाईट वाटते. टिळकांची थोरवी या गोष्टीवर उभी नाही. ती गोष्ट उडवून दिली तरी मंडाले शिल्लक राहते, 'केसरी' शिल्लक राहतो, 'गीतारहस्य' शिल्लक राहते. मग आम्ही मुलांना नेमकी हीच गोष्ट का सांगतो? कारण ती ऐकणाऱ्याच्या उपयोगाची नसून सांगणाऱ्याच्या उपयोगाची आहे. ज्याला दुसऱ्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याला ही गोष्ट फार सोयीची पडते. आणि १९१२ साली टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना इकडे सत्यभामाबाई वारल्या, ती गोष्ट शाळेत सांगत नाहीत. चार वर्षे नवरा समुद्रापार कैदेत, आणि ही बाई कशी जगली, कशी गेली, यावर टाळ्या घेता येत नाहीत ना!

महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचेही असेच. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. माझ्या मुलाचे तेच वय होते, म्हणून हा आकडा मला विसरता येत नाही. पुढे १८९३ साली अण्णांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या या बाई. कर्व्यांच्या घरी त्या आनंदीबाई झाल्या आणि लोकांच्या तोंडी बाया. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० साली तो हिंगण्याला गेला. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग हिंगण्याची पायपीट करायची, हे चित्र महाराष्ट्राच्या मनावर कोरलेले आहे आणि ते कोरण्याजोगेच आहे. पण त्या चित्रात हिंगण्याचा रस्ता दिसतो. ज्या दारातून अण्णा बाहेर पडत ते दार दिसत नाही. त्या दाराच्या आत बाया होत्या. अण्णांनी आपल्या आयुष्याचा विमासुद्धा संस्थेच्या पदरात टाकला तेव्हा बायांनी आकांत केला, आणि का करू नये? विमा हा मेलेल्या माणसाचा पैसा नसतो, तो मागे राहणाऱ्यांचा असतो. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून दान केला तर त्या दानाचे पुण्य कोणाच्या खाती पडते, हा हिशेब गणिताच्या प्राध्यापकाला आम्ही कधी विचारला नाही.

बायांनी मात्र विचारला. त्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन सुइणीचे शिक्षण घेऊन आल्या, चार पैसे स्वतः मिळवू लागल्या, आणि गंमत अशी की पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्याही हिंडल्या. १९४४ साली त्यांचे 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले. नावातच थोडी थट्टा, थोडा ठसका. ज्यांच्या घरी अण्णांचे 'आत्मवृत्त' आहे त्यांनी शेजारी 'माझे पुराण' ठेवावे. दोन्ही मिळून एक ग्रंथ होतो. १९५८ साली भारतरत्न एका नावाला मिळाले, ते योग्यच झाले. पण बाया तोवर राहिल्या नव्हत्या; त्या १९५० सालीच गेल्या होत्या.

पुरुष समाजकार्याला निघाला तर 'मुले कुठे ठेवलीत?' असे त्याला कोणी विचारत नाही. बाईला विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात चौकशीपेक्षा चौकशीसमितीच अधिक असते. पंडिता रमाबाईंनी हे सर्व भोगले. १८७४ साली दुष्काळात आई-वडील गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा पटकीने गेला. कडेवर मनोरमा. त्या मुलीला घेऊन त्या १८८३ साली विलायतेला गेल्या; तिथून १८८६ साली आनंदीबाई जोशांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या. पुढे मुलीला विलायतेतल्या जोगिणींकडे धाडून स्वतः अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्राने त्यांना किती बोल लावले त्याला गणती नाही. पण मला नेहमी वाटते ते त्या आगबोटीचे, जिच्यात पाच वर्षांची मनोरमा आईशिवाय परत पाठवली गेली. रमाबाईंनी चूक केली असे मी म्हणत नाही. चूक की बरोबर हे ठरवण्याचा अधिकार, ज्याने कधी मूल शेजारी ठेवून दुसऱ्यांच्या मुलांकडे धाव घेतली आहे, त्यालाच आहे. आणि तो ठरवत नाही. मनोरमा मोठी झाली, शिकली, आईच्याच कामात उभी राहिली, आणि १९२१ सालच्या जुलैत आईच्या आधी गेली. रमाबाई पुढच्याच एप्रिलात गेल्या. मधल्या नऊ महिन्यांत ही बाई काय करत होती? आपल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम उरकत होती. या नऊ महिन्यांवर कोणी पोवाडा रचू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. तिथे गप्प बसणेच बरे.

सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण मात्र मला वेगळे वाटते. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ सालच्या प्लेगात पुण्याजवळ त्याच्या दवाखान्यात आई रोगी आणून पोचवत होती. मुलाला घरी ठेवून आई सेवेला गेली असे तिथे नाही. एकाच कामाची दोन टोके दोघांनी धरली होती. त्या प्लेगातच सावित्रीबाई गेल्या. तो शेवट सुखाचा नव्हे. पण त्या घरात प्रगतिपुस्तकावर खोटी सही करायची वेळ कोणावर आली नसेल.

आता थोर लोकांना सोडून जरा आपल्या गल्लीत येऊ. आज गावोगाव सेवेचे काम कोण करते? अंगणवाडीच्या बाया आणि आशाताई. एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, आशांची योजना २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. दोघींच्या कमाईला शब्द कोणता? मानधन. मला हा शब्द ऐकला की हसू येते. मान आणि धन हे दोन शब्द जोडून जो शब्द केला त्यात दोन्ही वस्तू निम्म्या निम्म्या होतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की अंगणवाडीच्या बायांना उपदानाचा हक्क आहे. म्हणजे १९७५ पासून तोवर त्या नोकरी करत होत्या की हळदीकुंकू, हेच ठरायचे होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव चांगलाच. पण पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बाया संपावर बसल्या तेव्हा त्यांच्याकडे गौरवाची वानवा नव्हती. वानवा दुसऱ्याच गोष्टीची होती. मला त्या संपावर नाक मुरडणारे भेटले. "सेवेत असे मागायचे असते का?" म्हणाले. मी म्हटले, "तुमच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा मध्यरात्री रुग्णवाहिकेत शेजारी कोण बसले होते? आणि त्या रात्री त्या बाईच्या लेकराला ताप होता, तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसले होते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना आले. दुसरा प्रश्नच त्यांना नवा होता.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला बगल देणार नाही. माझ्या एका जुन्या सहकारी बाई म्हणतात, "तू दहा दिवस घरी बसली असतीस तर त्या चाळीस मुलींनी काय खाल्ले असते? त्यांच्यातल्या निम्म्यांनी बाप कधी पाहिलेला नाही. त्यांच्या दुःखाला दहा दिवसांची रजा कुठे आहे?" खरे आहे. कारखान्याचे यंत्र दहा दिवस बंद राहिले तर माल कमी निघतो; वसतिगृहाची चूल एक दिवस बंद राहिली तर पोर उपाशी राहते. म्हणूनच सेवेचे काम इतर कामांसारखे नाही. पण या वाक्यातून निघायला हवे ते अनुमान आपण उलटे काढले. काम खोळंबू शकत नाही, म्हणून माणसाने मरायला टेकले तरी आले पाहिजे, असे आपण म्हणतो. काम खोळंबू शकत नाही, म्हणून ते एका माणसावर टाकणे हाच गुन्हा आहे, असे का म्हणू नये? दुसरी किल्ली करायला १९९७ साली आमच्या गावच्या किल्लीवाल्याने पाच रुपये घेतले असते. वहीवर दुसऱ्या सहीचा ठराव करायला कार्यकारिणीची एक बैठक पुरली असती, तीसुद्धा चहासकट. ते पाच रुपये आणि तो चहा वाचवून संस्थेने मला माउली केले.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आरंभला ते सांगून टाकते. दुसरी किल्ली मी स्वतःही कधी मागितली नाही. यजमान असताना नाही, ते गेल्यावरही नाही. कमरेला ती खुळखुळे तेव्हा मला बरे वाटे. 'बाईंशिवाय इथले पान हलत नाही' हे वाक्य मी हजार वेळा ऐकले आणि एकदाही खोडून काढले नाही. सेवेची नशा इतर नशांहून वाईट, कारण तिच्यापायी घरी कोणी भांडतसुद्धा नाही. दारुड्याच्या मुलाला निदान शेजारी तरी विचारतात की बाळ, जेवलास का. माझ्या मुलाला सगळे म्हणत, "तुझी आई किती मोठी आहे!" यावर पोराने काय बोलायचे? तो सही करायला शिकला. पोवाडा गाणारे दोषी आहेत, पण पोवाडा ऐकत खाली मान घालून उभी राहिलेली मीही तितकीच दोषी आहे. गेल्या वैशाखातसुद्धा मी माइक मागून हे सांगितले नाही. शाल घेतली आणि घरी आले.

शेजारच्या काकूंना कोणी शाल दिली नाही. माझी दोन्ही मुले चार वर्षे संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जेवली. यजमानांची मुक्कामी गाडी असे तेव्हा आणि ते गेल्यावरही. त्या कोणत्याही संस्थेत नव्हत्या. त्यांच्या नावापुढे 'समाजसेविका' लागलेले कोणी पाहिले नाही, आणि त्यांनी तो शब्द ऐकला असता तर हसून पदर तोंडाला लावला असता. सत्काराच्या यादीत त्यांचे नाव घाला म्हणून मी कार्यवाहांना म्हटले होते, ते म्हणाले, "बाई, कार्यक्रम लांबेल."

भाद्रपदात त्याच कार्यवाहांचा दूरध्वनी आला. माझ्या जागी आलेल्या तरुण अधीक्षिकेचे वडील वारले होते. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. "ती पंधरा दिवस मागते आहे," कार्यवाह म्हणाले, "ऐन सहामाही परीक्षेच्या तोंडावर! तुम्ही जरा समजवा. तुमचे उदाहरण तिच्यापुढे आहेच." मी म्हटले, "माझे उदाहरण तिला सांगाल तर मी तुमच्या संस्थेची पायरी पुन्हा चढणार नाही. तिला वीस दिवस द्या. आणि किल्ली टेबलाच्या खणात ठेवा, मी सकाळच्या गाडीने येते." वयाच्या सहासष्टाव्या वर्षी वीस दिवस वसतिगृहाच्या खाटेवर झोपले, गुडघे चांगलेच धरले. जाताना बाजारातून किल्लीच्या दोन नकला करून घेतल्या. आता किल्लीमागे साठ रुपये पडतात. कार्यवाहांना पावती दिली. पैसे अजून यायचे आहेत.

त्या मुलीकडे यंदा तळण नाही. चकलीची भाजणी परवाच दळून आणली आहे; पहिला घाणा तिच्याकडे जाईल, आणि दुसरा काकूंच्या सुनेकडे.